फ्लॅटमधल्या फुलवेली: खिडकीचं ऊन मोजण्यापासून पहिल्या कळीपर्यंत

"वेल मस्त वाढलीय हो, पण फूल काही येत नाही." आपल्याकडे वेली आहेत हे सोसायटीत कळलं की हे वाक्य कानावर येतंच. पहिली दोन वर्षं मीही हेच म्हणत होते. ठाण्याला चौथ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. पूर्वेला बेडरूमची ग्रिल, पश्चिमेला हॉलची छोटी बाल्कनी. एका श्रावणात मी नर्सरीतून फुलांनी लगडलेली जाई आणली, हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवली आणि रोज न चुकता पाणी घातलं. दसऱ्यापर्यंत खालची पानं पिवळी पडून गळाली. दिवाळीत कुंडीत नुसत्या काड्या उरल्या होत्या.

तेव्हा मला कुणी दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या. वेल आणण्याआधी खिडकीचं ऊन मोजायचं. आणि ती वेल फुलते कुठे, जुन्या दांड्यावर की नव्या फुटीवर, हे कळल्याशिवाय तिला कात्री लावायची नाही. पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं या दोन गोष्टींपायीच मी शिकले.

हाताशी काय काय हवं

- कुंड्या: होयासाठी (ही जाड पानांची, मेणासारख्या फुलांच्या घोसांची वेल) ५ ते ६ इंची, गोकर्णीला १० इंची, बाकीच्या वेलींना १२ ते १४ इंची
- माती, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडी जाड वाळू
- होयासाठी नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि लाकडी कोळशाचे बारीक तुकडे
- नीमपेंड, कडुलिंबाचं तेल
- छाटणीची धारदार कात्री, सुतळी किंवा काथ्याची दोरी
- खुरपं, लांब तोटीची झारी, कुंडीखाली ठेवायच्या बशा

खर्चिक यात काहीच नाही. कात्री मात्र चांगली घ्या. बोथट कात्रीने फांदी चेचली जाते आणि तिथूनच ती सडायला लागते.

१. आधी ऊन मोजा, मग नर्सरीत जा

घरातल्या उजेडाला आपले डोळे फसतात. बाहेरून आत आलो की डोळे पटकन जुळवून घेतात, त्यामुळे हॉल आपल्याला लख्ख वाटतो. झाडाला तोच हॉल अंधारा असतो. खिडकीपासून दोन-तीन हात आत गेलं की उजेड झपाट्याने कमी होतो. काचेला काळी फिल्म असेल किंवा डासांची जाळी असेल तर आणखी कमी.

त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. भर दुपारी कुंडी ठेवायच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या वर एक फुटावर हात धरा. बोटांची सावली ठसठशीत पडली तर तिथे फूल येण्याइतका उजेड आहे. बोटं वेगळी दिसत नसतील, नुसता धुरकट डाग पडत असेल, तर तिथे होयासुद्धा फक्त पानांवर जगेल. सावली पडतच नसेल तर ती जागा फुलवेलीसाठी सोडून द्या.

दुसरं काम एखाद्या सुट्टीच्या दिवशी करा. सकाळी सातपासून दर तासाला बघा आणि थेट ऊन कुंडीच्या जागेवर किती तास राहतं ते लिहून ठेवा. वर्षातून एकदा बघून मात्र भागत नाही, कारण आपल्याकडे सूर्य बराच सरकतो. शून्य सावलीचा दिवस आपण मुलांना दाखवतो ना, मुंबई-ठाण्याकडे तो मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीत थंडीत ऊन पार पलंगापर्यंत येतं, आणि मे-जूनमध्ये त्याच खिडकीत थेट ऊन जवळजवळ नसतं. डिसेंबरातलं ऊन पाहून दक्षिणेला मधुमालती लावली आणि पावसाळ्यात ती फुललीच नाही, असं माझ्या एका मैत्रिणीकडे झालंय. पूर्वेच्या खिडकीला बारा महिने सकाळचं कोवळं ऊन मिळतं. नवीन माणसासाठी याहून चांगली जागा नाही.

२. खिडकी बघून वेल ठरवा

पाच-सहा तास किंवा त्याहून जास्त थेट ऊन असेल तर मधुमालती, कृष्णकमळ, जाई, जुई, लसूणवेल यांतलं काहीही लावा. तीन-चार तास असेल तर गोकर्ण. फुलं थोडी कमी येतील, पण येतील. सकाळचं तास-दीड तास ऊन आणि उरलेला दिवस छान उजेड असेल तर होया. खऱ्या अर्थाने घरात राहून फुलणारी यातली होयाच. बाकीच्यांना ग्रिल किंवा बाल्कनी हवीच, आणि हे आधीच मान्य केलेलं बरं. थेट ऊनही नाही आणि उजेडही बेताचा असेल तर मनी प्लांट लावा. तिथे जाई आणून तिला छळू नका.

काही वेली फ्लॅटमध्ये न आणलेल्याच बऱ्या. संक्रांतीच्या सुमारास केशरी फुलांनी मांडव झाकून टाकणारी संक्रांतवेल बघून मोह होतो, पण तिला जमीन आणि आख्खी भिंत लागते. कळलावीबद्दल तर मी हात जोडून सांगते. पावसाळ्यात कोकणात कुंपणावर तिची लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलं दिसतात, पानाच्या टोकाचा तणावा (आधाराला वेटोळं घालणारा धागा) करून ती चढते, दिसते फारच सुंदर. पण तिच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे जहाल विष असतं. लहान मूल किंवा मांजर-कुत्रा असलेल्या घरात तिचा कंद आणूच नका.

परदेशात असाल तर थोडं वेगळं आहे. माझी मावसबहीण टोरंटोला गोकर्ण लावते. एप्रिलमध्ये बी घरात रुजवते, जूनमध्ये कुंडी बाहेर काढते आणि रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास यायला लागलं की आत घेते. थंडीत तिच्याकडे फक्त होया आणि मोगरा टिकतात, तेही खिडकीला लागून आणि वर १२ तास एलईडीचा दिवा लावून. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड फार होते, म्हणून ती पानं आठवड्याला ओल्या फडक्याने पुसते.

३. रोप घेताना फसू नका

पहिला सापळा एकपानी होयाचा. फेब्रुवारी आला की छोट्या कुंडीत हृदयाच्या आकाराचं एकच जाड पान खोचून विकायला येतं. ते होयाचंच असतं, होया केरी म्हणतात त्याला. पण नुसत्या पानाला खोडाचं पेर नसेल तर त्यातून वेल कधीच फुटत नाही. पान दोन-तीन वर्षं हिरवंगार राहतं, मुळंही धरतं आणि तसंच राहतं. घ्यायचं असेल तर खोड असलेलं, निदान दोन-तीन पानांचं रोप मागा.

दुसरा सापळा फुलांनी भरलेल्या रोपाचा. ते नर्सरीच्या उघड्या उन्हात वाढलेलं असतं. तुमच्या खिडकीत आलं की कळ्या गाळतं. कमी फुलांचं पण बुडापासून तीन-चार फुटवे असलेलं रोप निवडा. पान उलटून बघा, पांढरा कापूस किंवा चिकटपणा दिसला तर ठेवून द्या.

नावांचाही घोळ असतो. जाई, जुई, चमेली, सायली ही नावं नर्सरीत अगदी सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. मी जुई म्हणून आणलेलं एक रोप पुढे कुंद निघालं. जाईचं एक पान म्हणजे देठाच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने लागलेल्या सात-नऊ पानांची मालिका. जुईचं मोठं पान बहुधा एकटंच असतं, आणि नीट पाहिलं तर त्याच्या बुडाशी कानांसारखी दोन अगदी छोटी पानं असतात. एवढं माहीत असलं की फूल नसतानाही ओळखता येतं.

गोकर्णीचं रोप विकत घ्यायची गरजच नाही. कुणाकडूनही वाळलेली शेंग मागून आणा. बी कडक असतं, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवा. जे फुगलं नाही त्याची पाठ कानसेने किंवा पॉलिश पेपरने हलकी घासा आणि पुन्हा भिजवा. आठवडा-दोन आठवड्यांत रुजतं आणि साधारण दोन महिन्यांत फुलायला लागतं. ज्यांनी याआधी काहीच लावलेलं नाही त्यांनी सुरुवात इथूनच करावी.

४. माती बदला, पण घाई नको

नर्सरीच्या काळ्या पिशवीतली लाल चिकट माती प्रवासात रोप हलू नये म्हणून असते. कुंडीत तिचा गोळा होतो. वरून घातलेलं पाणी गोळ्याच्या बाजूने खाली निघून जातं आणि आतली मुळं कोरडीच राहतात, नाहीतर उलट आत पाणी धरून सडतात. रोप आणल्यावर आठवडाभर खिडकीत तसंच राहू द्या, नवीन उन्हाची सवय होऊ द्या. मग संध्याकाळी बदला. गोळा बादलीतल्या पाण्यात थोडा वेळ बुडवला की बाहेरची माती आपोआप सुटते. हाताने ओरबाडू नका.

माझं मिश्रण असं: दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, अर्धा भाग जाड वाळू आणि कुंडीमागे एक मूठ नीमपेंड. माती काळी, पाणी धरणारी असेल तर वाळू पूर्ण भाग घ्या. कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात धुऊन पिळा, त्यात बहुतेक वेळा मीठ असतं.

होयाला हे मिश्रण चालत नाही. होया रानात झाडांच्या सालीवर वाढते. आपल्या सह्याद्रीच्या दाट जंगलातसुद्धा तिची एक जात झाडांवर चढलेली सापडते. तिच्या मुळांना हवा लागते. सोडणाचे तुकडे दोन भाग, कोकोपीट एक भाग, कोळसा अर्धा भाग आणि थोडं गांडूळखत पुरे. कुंडी लहानच ठेवा. मुळं कुंडीत थोडी दाटली तरच ती फुलायचं मनावर घेते. मोठ्या कुंडीत लावलेली होया वर्षानुवर्षं फक्त मुळं वाढवते आणि जास्तीच्या ओलीत कुजते. (तिचं नाव लंडनजवळच्या सायन हाउसचा माळी थॉमस हॉय याच्यावरून पडलं. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८१० मध्ये ते ठेवलं. माळ्याचं नाव मिळालेली झाडं किती असतील? मला हे फार आवडतं.)

५. आधार: कोण कसं चढतं ते पाहा

कृष्णकमळ तणाव्यांनी चढते. तिचा तणावा सुतळी किंवा बारीक तार सहज पकडतो, ग्रिलच्या जाड पट्टीला त्याची मिठी बसत नाही. म्हणून ग्रिलला उभ्या-आडव्या सुतळ्या ताणून द्या. गोकर्ण, जाई आणि होया अंगानेच गुंडाळत जातात, त्यांना बोटाएवढी काठी किंवा दोरी बरी पडते. मधुमालतीला तणावे नसतात. तिचं पान गळलं की देठाचा बुडखा वाळून काटा होतो आणि त्या काट्यांनी ती अडकत वर जाते. तिला तुम्हीच बांधून द्यायचं. आणि छाटताना हातमोजे घाला, तो काटा चांगलाच लागतो.

बांधताना सुतळी आधी आधाराला घट्ट बांधा, मग फांदीभोवती सैल वेढा द्या, म्हणजे इंग्रजी आठसारखा आकार होईल. प्लास्टिकच्या पट्ट्या आणि विजेची तार नको, खोड जाड झालं की त्या आत रुततात.

वेल सरळ वर गेली की शेंड्यालाच फुलं येतात, तीही वरच्या मजल्याच्या लोकांना दिसतात. फांद्या आडव्या वळवून ग्रिलवर पसरा. आडव्या फांदीच्या प्रत्येक पेरातून फुटवा येतो. फुलांची संख्या वाढवणारा याहून सोपा उपाय मला अजून सापडलेला नाही. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची लोखंडी ग्रिल दुपारी हात लावू देत नाही इतकी तापते आणि कोवळे शेंडे करपतात. तिथे पट्टीला काथ्याची दोरी गुंडाळून ठेवा.

६. पाणी, पावसाळा आणि खालचा मजला

रोज ठरलेल्या वेळी ठरलेला तांब्या ओतू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तर कुंडीच्या तळातून निघेपर्यंत द्या, ओलं लागलं तर उद्या बघा. माझी जाई रोजच्या पाण्यानेच मेली होती. मे महिन्यात ग्रिलमधल्या कुंड्यांना कधी दोनदा लागतं, डिसेंबरात तीन दिवसांनी पुरतं. होयाला मिश्रण जवळजवळ पूर्ण वाळल्यावरच द्या. तिचं पान हाताला मऊ, सुरकुतलेलं लागलं की ती तहानलेली आहे. पान पिवळं आणि थुलथुलीत झालं असेल तर मुळं सडताहेत, लगेच बाहेर काढून बघा. आणि होयाला कळ्या धरल्या की तेवढे दिवस तिला फार वाळू देऊ नका, जागाही हलवू नका. दोन्ही कारणांनी ती आख्खा घोस गाळते.

पावसाळ्यात ग्रिलमधल्या कुंड्यांवर पाऊस थेट पडत असेल तर खत बंद ठेवा आणि तळाची भोकं काडीने मोकळी करा. बशीतलं पाणी मात्र आठवड्यातून एकदा न चुकता ओतून बशी घासून घ्या. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला सात-दहा दिवस पुरतात. हे घरच्यांसाठी जितकं, तितकंच शेजाऱ्यांसाठी.

शेजाऱ्यांचंच निघालंय म्हणून सांगते. आमच्या खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर माझ्या कुंडीतलं लाल मातीचं पाणी पडलं होतं. त्या रागावल्या, आणि रास्तच रागावल्या. तेव्हापासून मी पाणी सकाळी कपडे पडायच्या आत घालते आणि प्रत्येक कुंडीखाली खोल बशी असते. कठड्यावर सुटी कुंडी कधीच ठेवू नका. वेल वाढली की वाऱ्यात ती शिडासारखी होते आणि कुंडी खेचून नेते. कुंडी ग्रिलच्या आत आणि तारेने बांधलेली हवी.

७. खत: कमी द्या, बेताने द्या

भरपूर पानं आणि फूल नाही, याचं ऊन कमी पडण्याच्या खालोखाल कारण म्हणजे नत्र (नायट्रोजन) जास्त होणं. युरिया कुंडीत घालूच नका. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि दोन महिन्यांनी एक चमचा नीमपेंड माती उकरून मिसळली की बहुतेक वेलींचं भागतं. गोकर्ण शेंगावर्गातली आहे, हवेतलं नत्र तिची मुळं स्वतः बांधून घेतात. तिला शेणखताचा मारा केलात तर नुसता पाला येईल.

कळ्या धरायच्या आधी कृषी सेवा केंद्रात मिळणारं ०:५२:३४ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांतून एकदा, दोन-तीन वेळा देता येतं. यात नत्र नाही, फक्त स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) आहे. माती आधी ओली असू द्या. होयाला याच्याही निम्मं पुरतं. चहाचा चोथा, कांद्याच्या सालीचं पाणी, ताक असले प्रयोग खिडकीतल्या कुंडीत करू नका. चिलटं होतात, वास येतो, आणि काय किती गेलं याचा अंदाज राहत नाही.

८. कात्री: फूल कुठे येतं ते आधी शोधा

होयाला पहिल्यांदा फूल आलं ते तिसऱ्या वर्षी. पानाच्या बेचक्यातून एक आखूड दांडा आला, त्याच्या टोकाला मोहरीएवढे दाणे धरले. दोन-तीन आठवडे ते फुगत राहिले आणि पंचकोनी झाले, जणू मेणाच्या छोट्या पेट्या. एका रात्री दहाच्या सुमारास खोलीत गोड वास आला म्हणून दिवा लावला तर पेट्या उघडल्या होत्या. फिकट गुलाबी मखमली चांदणी, तिच्या मधोमध लालसर दुसरी चांदणी, आणि प्रत्येक फुलावर मधाचा एक थेंब. बोटावर घेतला तर चिकट आणि गोड.

आठवड्याभराने फुलं गळली, उरला तो उघडा दांडा मी स्वच्छता म्हणून कापून टाकला. पुढच्या वर्षी फूल नाही. कारण होया त्याच दांड्यावर वर्षानुवर्षं पुन्हा कळ्या धरते. दांडा तोडला म्हणजे तिने पहिल्यापासून सुरुवात करायची. तेव्हा होयाची फक्त गळून पडलेली फुलं वेचा, दांड्याला हात लावू नका. तिचे लांबच लांब बिनपानांचे शेंडे येतात, तेही वाळलेले समजून कापू नका. आधार शोधत ते पुढे जातात, पानं मागाहून येतात.

बाकीच्यांचं नेमकं उलट. मधुमालती, कृष्णकमळ, जाई, जुई, लसूणवेल या सगळ्या नव्या फुटीवर फुलतात. यांना छाटलं नाही तर जुन्या काड्यांचं जाळं होतं आणि फुलं दरवर्षी कमी होत जातात. जाई-जुईची छाटणी डिसेंबर-जानेवारीत करते. आधी आठ-दहा दिवस पाणी तोडते, मग गुडघ्याच्या उंचीपर्यंत जे जुनं खोड आहे तेवढं ठेवून बाकी काढते, शेणखत घालते आणि पाणी सुरू करते. कृष्णकमळ फेब्रुवारीत. लसूणवेल दिवाळीच्या आगेमागे जांभळ्या घोसांनी फुलते, तो बहर संपला की लगेच. तिची पानं कापताना घरभर लसणाचा वास येतो, घाबरू नका.

मधुमालती थंडीत चांगली निम्म्यावर आणा. नवीन असताना ती पहिले काही महिने झुडपासारखी उभी राहते आणि मग एकदम लांब फांद्या टाकते, तेव्हा "ही वेल नाहीच, फसवलं" असं वाटून टाकून देऊ नका. तिचं जुनं लॅटिन नाव क्विस्क्वालिस, म्हणजे "हा कोण? हा कसला?". पूर्वीच्या वनस्पतीशास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला होता. संध्याकाळी तिची कळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग लटकतात. पांढरं फूल आणि वास रात्रीच्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी असतो. दिवेलागणीला बाल्कनीतला दिवा बंद करून बसलात तर ते फुलासमोर हवेत थांबून मध पिताना दिसतात.

गोकर्णीला मोठी छाटणी नको. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा आणि शेंगा धरल्या की हिरव्या असतानाच काढून टाका. बियांसाठी दोन-चार ठेवा. शेंगा पिकल्या की वेलीला वाटतं काम झालं.

९. कीड

कापसासारखा पुंजका दिसला की तो पिठ्या ढेकूण. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा. बेचक्यात आणि होयाच्या पानामागे हमखास असतो. होयावर पिवळा मावाही येतो. रुईच्या झाडावर पिवळेजर्द किडे असतात ना, तेच. रुई आणि होया एकाच कुळातल्या आहेत, दोघींना पांढरा चीक असतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा बहुतेक धुऊन जातो. पानं निस्तेज, बारीक ठिपक्यांची आणि मागे जाळं दिसलं तर लाल कोळी. तो कोरड्या उन्हाळ्यातला.

या तिन्हींवर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब, नीट घुसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. उन्हात फवारलंत तर पानं भाजतात.

कृष्णकमळावर काटेरी अळ्या दिसल्या तर लगेच औषध मारू नका. त्या बहुधा एका केशरी फुलपाखराच्या असतात आणि कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलींवरच वाढतात. वेल जोमदार असेल तर पानं परत येतात. मी एका फांदीवर त्यांना राहू देते आणि बाकीच्या फांद्यांवरच्या उचलून तिथे नेऊन ठेवते. कौरव-पांडवांचं फूल बघायला येणारी सोसायटीतली मुलं आता अळ्याही बघतात. त्या शंभरेक जांभळ्या केसरांचे कौरव, वरचे पाच पांडव आणि तीन शेंड्यांचे ब्रह्मा-विष्णू-महेश मोजून झाले की त्यांचा कोष शोधायचा कार्यक्रम असतो. फूल एकच दिवस टिकतं, म्हणून कळी फुगलेली दिसली की मी आदल्या संध्याकाळीच त्यांना निरोप देते.

१०. एका वेलीची दुसरी

जाई, जुई आणि मधुमालतीला सगळ्यात खात्रीचं म्हणजे दाब कलम, आणि त्याला सगळ्यात चांगला महिना जुलै. बुडाजवळची एक लवचीक फांदी निवडा. एका पेराखाली साल अर्ध्या इंचाएवढी हलकीच खरवडा. शेजारी ओल्या मातीची छोटी कुंडी ठेवा, खरवडलेला भाग त्यात बोटभर खोल दाबा आणि वर दगड ठेवा. शेंडा बाहेर राहू द्या. फांदी आईपासून तोडायची नाही. माती वाळू द्यायची नाही. सहा-आठ आठवड्यांनी फांदी हळूच ओढून बघा. अडकल्यासारखी लागली म्हणजे मुळं धरली.

होयाचं सोपं आहे. दोन पेरांचा तुकडा कापा, चीक थांबेपर्यंत पाण्यात धरा, तासभर सुकू द्या आणि एक पेर ओल्या कोकोपीटमध्ये खोचा. वरून प्लास्टिकची पिशवी सैल घाला, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. महिन्याभरात मुळं येतात.

दाब कलमाची फांदी आईकडून तोडल्यावर तिला दहा दिवस सावलीतच ठेवा आणि पहिली नवी पानं उलगडली की मगच ग्रिलमध्ये न्या. माझ्याकडच्या जाईची तीन कलमं याच पद्धतीने झाली. त्यातलं एक खालच्या काकूंच्या ग्रिलमध्ये आहे आणि यंदा श्रावणात त्याला फुलं आली.